आरशातली पद्मिनी

परदेशात राहणाऱ्या माणसाला जुन्या गाड्यांचं वेड लागलं की त्याचा त्रास पुण्यात राहणाऱ्या माणसाला होतो. माझा मेहुणा जर्मनीत स्टुटगार्टला असतो आणि मी कोथरूडला. तो तिथे गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. म्हणजे गाडीचे गिअर आपोआप बदलावेत, माणसाला हातही लावायला लागू नये, याचा त्याला पगार मिळतो. त्या गावात मर्सिडीजचंही संग्रहालय आहे आणि पोर्शेचंही. बाकीची मंडळी तिथे पाहुणे आले की जातात, हा सुट्टी मिळाली की जातो. आतल्या गाड्या डोळे भरून बघतो, घरी येतो आणि आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असताना फोन करतो, ‘‘दाजी, आपली फियाट पाहिजे होती राव.’’

‘आपली’ म्हणायला त्यांच्या घरात फियाट कधी नव्हतीच. सासऱ्यांनी सांगलीत असताना नंबर लावला होता, एवढंच. तेव्हा गाडी विकत घ्यायची पद्धत नव्हती, नंबर लावायची होती. पैसे भरायचे आणि पुढची काही वर्षं पोस्टमनकडे आशेने बघायचं. सासऱ्यांचा नंबर मुंगीच्या पावलांनी सरकत राहिला, मधे घराचा स्लॅब पडला, आमच्या हिचं बारसं झालं, मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि फियाटचा विषय बारगळला. सासऱ्यांनी स्कूटर घेतली. तीही नंबर लावूनच. पण गाडी येणार म्हणून हौसेने आधीच आणून ठेवलेली चामड्याची किचेन अजून सांगलीच्या घरात खिळ्याला लटकते आहे. मेहुण्याला गाडी हवी होती ती त्या किचेनला.

आता इथे थोडी माहिती द्यायला हवी, कारण आमच्या सोसायटीतल्या एका पोराने मला ‘‘काका, फियाट म्हणजे इलेक्ट्रिक का?’’ असं विचारलं होतं. गाडी मूळची इटलीची, पण बनायची आपल्या कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात. पन्नाशीतलं जे मॉडेल होतं त्याचं नाक असं होतं की लोकांनी त्याला सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली आणि मालकांनीही ते अभिमानाने लावून घेतलं. पुढे 1964 मध्ये डिलाइट आली, आणि सत्तरच्या दशकात तिचंच बारसं होऊन ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढच्या दारांना ती तिकोनी काच, जी उघडली की वारा थेट बगलेत यायचा. एसीचं काम त्या काळी ती काच करत असे.

तर अशी एक पद्मिनी मेहुण्याला सापडली मंगळूरला. 1983 चं मॉडेल, क्रीम रंग, पावणेतीन लाख रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं: डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड, ओरिजिनल पेंट, फक्त 42,000 किलोमीटर, किरकोळ काम. जुन्या गाड्यांच्या जाहिराती खऱ्या धरल्या तर या देशातल्या डॉक्टरांनी आयुष्यभर गाड्या फक्त पुसल्या, चालवल्या नाहीत. पेशंटकडे ते बहुधा रिक्षाने जात असावेत.

फोटो मात्र देखणे होते. संध्याकाळचं सोनेरी ऊन, ओली चमकणारी गाडी आणि प्रत्येक फोटोत मागे अथांग समुद्र.

‘‘काय दिसतंय, दाजी?’’ मेहुण्याने विचारलं.

‘‘समुद्र दिसतोय.’’

‘‘भारी ना?’’

‘‘अरे, ती गाडी चाळीस वर्षं त्या समुद्राशेजारी उभी आहे. तुला फोटोत समुद्र दिसतोय, मला पत्र्यात दिसतोय.’’

मी काही मोटारींचा जाणकार नाही. पण माझी निम्मी नोकरी एका विमा सर्व्हेअरच्या शेजारच्या टेबलावर गेली आहे आणि त्याचं जेवणाच्या सुट्टीतलं बोलणं मी ऐकलेलं आहे. फोटोआधी गाडीवर पाणी मारलं की उडालेला रंगसुद्धा नव्यासारखा दिसतो. इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ पाठवतात तेव्हा ते आधी तासभर चालवून गरम करून ठेवलेलं असतं, कारण जुन्या इंजिनाचं खरं रूप सकाळी थंड असताना कळतं. आणि त्या काळच्या गाड्यांचं किलोमीटरचं मीटर पाच आकडी. 99,999 झाले की पुन्हा शून्य. म्हणजे 42,000 हे खरे 1,42,000 असतील किंवा 2,42,000 असतील, आणि मीटरची तार मधेच तुटलेली असली तर देव जाणे. हे सगळं मी मेहुण्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘दाजी, माझा त्या माणसाशी तासभर व्हिडिओ कॉल झालाय.’’

तो कॉल मी पुढे बघितला, कारण मेहुण्याने तो रेकॉर्ड करून ठेवला होता. विकणारा गृहस्थ फोन हातात धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालतोय. बॉनेट, दिवे, सीट, पुन्हा बॉनेट. मेहुणा म्हणतो, ‘‘जरा खालून दाखवता का?’’ की नेटवर्क जातं. नेटवर्क परत येतं तेव्हा फोन बॉनेटवर असतो. मंगळूरचं नेटवर्क गाडीच्या वरच्या भागाला उत्तम आहे, खालच्या भागाला अजिबात नाही.

मी म्हटलं, मी रात्रीच्या बसने जातो, बघून येतो. तर तेवढा वेळच नव्हता. कोइंबतूरचा एक गिऱ्हाईक टोकन घेऊन तयार होता म्हणे. जुनी गाडी विकायला काढली की कुठला तरी कोइंबतूरवाला टोकन घेऊन तयार असतोच; त्याला गाडी मिळाल्याचं मात्र आजवर कुणी ऐकलेलं नाही. सासूबाई सांगलीहून फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘‘पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल.’’ पण त्यांच्या लेकाने तोवर पैसे पाठवले होते. चितोडच्या पद्मिनीला खिलजीने म्हणे आरशात तरी बघितलं होतं. आणि तेवढ्यावर तो काय करून बसला ते आपण जाणतोच.

यानंतर मेहुण्याने दुसरी बातमी दिली. तो परदेशात असल्यामुळे सह्या, पत्ता, आरटीओत समक्ष हजर राहणं वगैरे त्याला जमणार नव्हतं. ‘‘म्हणून गाडी तुमच्या नावावर करू, दाजी. तुमचं इकडं सगळं ओळखीचं.’’ माझी आरटीओत ओळख म्हणजे लायसन्सच्या फोटोत मी आहे, तेवढीच. ही म्हणाली, ‘‘करा हो, एवढं काय, भाऊच आहे माझा.’’ त्यामुळे मी, आयुष्यात ज्याने बूट विकत घेतानाही दोन्ही पायांत घालून दुकानात चक्कर मारली, तो मी न बघितलेल्या गाडीचा होऊ घातलेला मालक झालो.

गाडी आली रात्री एकच्या सुमारास. गाड्या वाहून नेणारे ते लांबलचक ट्रेलर गावात शिरत नाहीत. ड्रायव्हरने फोन केला, ‘‘साब, बायपास पे आ जाओ, नवले ब्रिज के आगे.’’ तिथे अंधारात, वरच्या मजल्यावर दोन कोऱ्या एसयूव्ही आणि खालच्या मजल्यावर आमची पद्मिनी. समुद्र नव्हता, ऊन नव्हतं, पाणी मारलेलं नव्हतं. पिवळ्या दिव्याखाली तिचा क्रीम रंग जागोजागी वेगवेगळा क्रीम दिसत होता: कुठे दुधाचा, कुठे सायीचा, कुठे नासलेला. मी चावी लावून सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला. तेवढंही नाही. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘चढाते टाइम भी धक्का ही मारा था.’’

धक्का मारायला त्याने, त्याच्या क्लीनरने आणि जवळच्या चहाच्या टपरीवरच्या दोघांनी मदत केली. त्यातला एक वयस्क गृहस्थ गाडीवर हात फिरवून म्हणाला, ‘‘माझं लग्न असल्या गाडीतनं झालं.’’ मग त्याने इतक्या प्रेमाने धक्का मारला की मागचा बंपर थोडासा त्याच्या हातात आला. शेवटी टोइंगवाला बोलावला. सोसायटीच्या वॉचमनने गेट उघडलं, गाडी बघितली आणि ‘‘भंगारवाला सकाळी येतो, सर’’ असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना आणलं. हे मिस्त्री म्हणजे फियाटवर हयात घालवलेला माणूस. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण त्यांच्या कामाला डोळे फारसे लागत नाहीत. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं एक चुंबक काढलं. कुठल्यातरी जुन्या स्पीकरमधलं, गोल, जड. रंगाला चरा पडू नये म्हणून वरून पिवळं फडकं शिवलेलं. पत्रा असला की चुंबक धरतं. पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असली की सुटतं. गाडीच्या परीक्षेचं एवढंच एक उपकरण, आणि ते कुठल्याही व्हिडिओ कॉलमधून पाठवता येत नाही.

मिस्त्री बॉनेटपासून निघाले. खट्. चिकटलं. उजवा मडगार्ड, खट्. पुढचं दार, खट्, खट्, आणि दाराच्या खालच्या कडेला आल्यावर चुंबक घसरून त्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. ‘‘हां,’’ म्हणाले. मागचं चाक, चाकाची कमान, डिकी. कुठे खट्, कुठे नुसतं फडकं घासल्याचा आवाज. डाव्या मडगार्डवर आले आणि तिथे एका ठरावीक जागी चुंबक दोनदा सुटलं. एरवी सगळा मडगार्ड पत्रा, आणि मधेच रुपयाएवढ्या दोन जागा पुट्टी. मिस्त्री थांबले. अंगठ्याने दाबून बघितलं. मग चाकाच्या बाजूने हात आत घातला, चाचपला आणि मला म्हणाले, ‘‘साहेब, डॉक्टर टॅक्सी चालवायचे का?’’

मला कळेना. मग त्यांनी नखाने त्या जागेचा टवका काढला. वर क्रीम, खाली करडा प्रायमर, खाली गुलबट पुट्टी आणि सगळ्यात खाली काळा कुळकुळीत रंग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मीटर असायचं ते बाहेर, डाव्या अंगाला. त्याचा पाय ज्या भोकांत बसायचा ती ही भोकं.

‘‘मग काय टॅक्सीच आहे की काय सगळी?’’

‘‘सगळी नाही. मडगार्ड टॅक्सी. हे दार टॅक्सी. डिकीचं झाकण... तेही टॅक्सीच. मधला साचा दुसरा आहे, तो घरगुती दिसतो.’’ थोडं मागे सरून त्यांनी गाडी पूर्ण नजरेत घेतली. ‘‘ही गाडी नाही, साहेब, सर्वपक्षीय बैठक आहे.’’

त्यात नवल काहीच नव्हतं, हे त्यांनीच नंतर चहा पिताना समजावलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची. टॅक्सीला वयोमर्यादा 20 वर्षं, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. पेपरात मोठमोठे लेख आले, लोकांनी हार घालून फोटो काढले. ‘‘हार घातलेल्या गाड्यांची दारं पुढं कुठं जाणार? जिथं दार हवंय तिथं.’’ आणि त्यांचं म्हणणं खोटं म्हणायची सोयच उरली नाही, कारण डाव्या दाराचं आतलं पॅड उघडलं तेव्हा तळाशी गंजाच्या भुग्यात पडलेला एक पुठ्ठा सापडला. कडा कुरतडलेल्या, पण मधलं अजून वाचता येत होतं. टॅक्सीचं टॅरिफ कार्ड. जुन्या मीटरवर जो आकडा यायचा त्याचे खरे पैसे किती, हे ज्यावर बघायचं ते कार्ड. मिस्त्रींनी ते फुंकर मारून माझ्या हातात दिलं. ‘‘मंगळूर ते पुणे किती होतात बघा.’’

गाडीच्या पोटाखाली नवाकोरा काळा डांबरी थर होता. तो बघून मला बरं वाटलं होतं, मिस्त्रींना वाटलं नाही. ‘‘चाळीस वर्षांच्या बाईने एकदम नवी पावडर लावली की समजायचं,’’ असं काहीतरी म्हणत ते पाठीवर आडवे झाले. ही गॅलरीतून ऐकत होती, म्हणून पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावला नाही, नुसता टेकवला. तो ड्रायव्हरच्या सीटपुढे वर आला. मी वर बसलेलो होतो, माझ्या चपलेशेजारून तो आत आला आणि परत गेला. गालिचा उचलला तर खाली पत्र्याचा तुकडा रिबिटांनी ठोकलेला. त्यावर कानडी अक्षरं आणि एका नारळाच्या झाडाचं रंगीत चित्र. खोबरेल तेलाचा डबा कापून फरशी केली होती. कानडी मला वाचता येत नाही, पण तेल शुद्ध असणार, कारण झाड अजून हिरवंगार होतं.

बाकीचं फार सांगण्यासारखं नाही. इंजिनातून निळा धूर येत होता, म्हणजे ते पेट्रोलबरोबर ऑइलही पीत होतं. ब्रेक लागायला पेडल भात्यासारखं मारावं लागत होतं. आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळत नव्हता. रात्री मेहुण्याला मी सगळं सविस्तर सांगितलं. तिकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात, ‘‘ओरिजिनल काहीच नाही का हो, दाजी?’’ मी फोन मिस्त्रींकडे दिला. ते म्हणाले, ‘‘आहे की. उजवीकडची तिकोनी काच.’’

माझं स्वतःचं मत विचाराल तर पत्रा हा काही मोठा प्रश्न नाही. सडलेला पत्रा कापता येतो, नवा जोडता येतो, आणि पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चिकाटीने फिरलं तर फियाटचं निम्मं पोट बाहेर मिळतं. कागदाचं तसं नसतं. कागदाला वेल्डिंग होत नाही. जाहिरातीच्या फोटोंमध्ये आरसी बुकाचाही एक फोटो होता, पण तो असा काढलेला की नावावर बरोबर उन्हाची तिरीप. प्रत्यक्ष बुक हातात आलं तेव्हा कळलं की ज्याने गाडी विकली त्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. नाव अजून डॉक्टरांचंच होतं. जाहिरातीत तेवढं एक वाक्य तरी खरं निघालं म्हणून मी खूश झालो, तर एजंट म्हणाला, ‘‘डॉक्टर आहेत का?’’

डॉक्टर नव्हते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. विकणाऱ्याने गाडी त्यांच्या घरच्यांकडून घेतली, पैसे दिले आणि कागद करायचे राहून गेले. असे राहून गेलेले कागद म्हणजे या व्यवहारातला खरा गंज.

एजंटाने मला समोर बसवून नीट समजावलं. आधी वारसांच्या नावावर, त्याला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. मग वारसांकडून माझ्या नावावर, त्याला फॉर्म 29 आणि 30. गाडी कर्नाटकातून महाराष्ट्रात येणार म्हणून तिथल्या आरटीओची ना हरकत, तो फॉर्म 28, त्यावर चेसी नंबरची पेन्सिलने काढलेली छाप. इंजिन बदललेलं, त्याची वेगळी नोंद. रंग बदलला असेल तर त्याची वेगळी. जुनी नोंदणी संपलेली, तिचं नूतनीकरण. इथला कर नव्याने. आणि हे सगळं झालं की नवा नंबर मिळणार, एमएच 12.

‘‘म्हणजे जुना नंबर जाणार?’’ मेहुण्याचा आवाज फोनमधून फाटला. 1989 च्या आधीचा तो तीन इंग्रजी अक्षरांचा नंबर, त्याच्यासाठी त्याने पंचवीस हजार जास्त मोजले होते. त्याने लगेच दुसरा मार्ग काढला. जर्मनीत म्हणे तीस वर्षांवरच्या, नीट राखलेल्या गाडीला ऐतिहासिक म्हणून नंबराच्या शेवटी ‘एच’ मिळतो. आपल्याकडे असं काही नाही का? आहे ना. 2021 पासून आहे. ‘व्हीए’ अशी वेगळी मालिका आहे, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. फक्त गाडी पन्नाशीच्या पुढची हवी आणि मूळ रूपात हवी. आमची 1983 ची. म्हणजे जर्मनीत ती इतिहास झाली असती, इथे ती फक्त जुनी आहे. 2033 पर्यंत थांबावं लागेल. सासऱ्यांसारखा पुन्हा नंबर लावून बसायचं. शिवाय मूळ रूप म्हणजे काय, हे त्या डाव्या मडगार्डला विचारायला लागलं असतं.

दरम्यान सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगच्या फरशीवर पडलेल्या ऑइलच्या डागाचा फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली कुणाचंही नाव न घेता ‘काही सभासद’ असं लिहिलं होतं. आमच्या सोसायटीत ‘काही सभासद’ म्हणजे मीच, हे कचऱ्याच्या डब्याच्या प्रकरणापासून सगळ्यांना माहीत आहे.

डॉक्टरांचे वारस दोन निघाले. मुलगा टोरांटोला आणि मुलगी, नशीब बघा, बाणेरला. लग्न होऊन पुण्यात आलेल्या. फोनवर मी घाबरतच विषय काढला, तर त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, ‘‘ती गाडी अजून आहे? सही करते ना, पण मला बघायची आहे.’’ या संपूर्ण व्यवहारात सही करण्याआधी गाडी बघायला मागणारी ही पहिली व्यक्ती.

रविवारी सकाळी बाई आल्या. गाडीभोवती फिरल्या. चेहरा पडला. ‘‘ही नाही,’’ म्हणाल्या. ‘‘आमची हिरवी होती.’’

माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे ओरिजिनल पेंट गेला तो गेलाच, आता गाडीही गेली. मिस्त्री मात्र काही न बोलता डॅशबोर्डखाली वाकले, एका कोपऱ्यात बोट घासलं आणि बॅटरी मारली. क्रीमच्या खाली गडद हिरवा. बाईंनी ते बघितलं, मग डावीकडचं दार उघडून आत बसल्या आणि समोरच्या कप्प्याचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोटांनी चाचपायला लागल्या. तिथे पत्र्यावर कर्कटकाने कोरलेली कानडी अक्षरं होती. वेडीवाकडी, शाळेतल्या हाताची. ती वाचून त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

‘‘काय लिहिलंय?’’ हिने विचारलं.

‘‘माझा भाऊ गाढव आहे. मी चौथीत होते. बाबांनी दोघांनाही मारलं, मला लिहिलं म्हणून आणि त्याला मी का लिहिलं म्हणून.’’

लगेच त्यांनी टोरांटोला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झालेली, भाऊ झोपायच्या तयारीत. बहिणीने फोन त्या कप्प्यात घातला. दोघं कोकणीत काहीबाही बोलले, पुष्कळ हसले, मग तो गृहस्थ एकदम गप्प झाला आणि इंग्रजीत म्हणाला की आपण सही करणार नाही. गाडी आपल्यालाच हवी. दिलेले पैसे, ट्रेलरचा खर्च, मिस्त्रींचा खर्च, सगळं देतो, वर पन्नास हजार देतो.

मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे. मी म्हटलं, मालक स्टुटगार्टला आहेत, विचारून सांगतो. मेहुण्याला फोन लावून सगळा प्रकार सांगितला. त्याची तिथे नुकतीच पहाट होत होती, पण ‘दुसरा गिऱ्हाईक’ एवढे शब्द कानावर पडताच तो खडबडून जागा झाला. ‘‘अजिबात द्यायची नाही, दाजी! आता तर अजिबात नाही. एवढं मागे लागलेत म्हणजे गाडीत काहीतरी असणार.’’

तेव्हापासून हे दोघे माझ्या फोनवरून एकमेकांशी भांडत आहेत. एक सही देत नाही, दुसरा गाडी देत नाही, आणि डाग माझ्या पार्किंगमध्ये वाढतो आहे. मी आपला तटस्थ राहिलो आहे, म्हणजे मनातून पूर्णपणे टोरांटोच्या बाजूने. काल त्या गृहस्थाने जरा नरमाईने विचारलं, गाडीची कंडिशन एकंदरीत कशी आहे? मी म्हटलं, येऊन बघून जा, घर तुमचंच आहे. तर म्हणाला, एवढी रजा कुठली मिळतेय, तुम्ही चार फोटो पाठवा ना, चांगल्या उजेडातले.

मी अजून ‘बघतो’ म्हणतच होतो, तोवर ही आतून पाण्याची बादली घेऊन आली.